रविवारचा जिताडा

माझा नवरा खोटं बोलायचा नाही. हे मी कौतुकानं सांगत नाहीये, तक्रार म्हणून सांगतेय. सत्तावीस वर्षं मी अशा माणसाबरोबर संसार केला, ज्याला "भाजी कशी झालीय?" असं विचारलं तर तो घास हातात धरून खरोखर विचार करत बसायचा. लग्नानंतर एकदाच मी नवं लुगडं नेसून विचारलं होतं, "कशी दिसतेय?" तर म्हणाले, "कालच्याइतकीच." पुन्हा काही विचारायची हिंमत केली नाही.

अब्राहम दिघोडकर, ओव्हरसियर, खारबांध खातं, मुक्काम पनवेल. दोन वर्षं झाली जाऊन. ऑफिसातले लोक भेटायला आले तेव्हा म्हणाले, "फार सरळ माणूस होता हो." मी म्हटलं, सरळ म्हणजे किती सरळ ते तुम्हाला काय माहीत! तुम्ही संध्याकाळी घरी जात होतात, मी त्याच घरात राहत होते.

यांच्या वडिलांचा दिघोड्याला तेलाचा घाणा होता. आम्ही बेने इस्राएल. शनिवार म्हणजे आमचा शब्बाथ, त्या दिवशी घाणा बंद, बैलालासुद्धा सुट्टी. म्हणून सगळा मुलूख आम्हाला शनवार तेली म्हणायचा. घाणा गेला, बैल गेला, शनिवार तेवढा राहिला. खात्यात नोकरी लागली तेव्हा यांनी पहिल्याच आठवड्यात लेखी अर्ज करून शनिवारची सुट्टी मागून घेतली आणि बदल्यात रविवारी काम करायचं कबूल केलं. शुक्रवारी दिवे लागायच्या आत घरात. शनिवारी चूल नाही, सायकल नाही, आणि हातात लेखणी नाही. ही लेखणीची गोष्ट लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

आता यांचं काम काय, ते सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल की मी नुसतीच नवऱ्याच्या नावानं खडे फोडतेय. खाडीचं खारं पाणी भातशेतीत शिरू नये म्हणून आमच्याकडे काठानं मातीचे लांब बांध घातलेत. बांधाला मध्येमध्ये लाकडी दार असतं, त्याला उघाडी म्हणतात. दार वरच्या अंगाला टांगलेलं. भरती आली की बाहेरचं पाणी त्याला दाबून बंद करतं, ओहोटी लागली की आतलं पाणी ढकलून उघडतं आणि बाहेर जातं. कोणी हात लावायचा नाही. दार आपलं आपण वागतं. निदान सरकारी कागदावर तरी तसंच लिहिलेलं असतं. यांनी रोज सायकलवरून जायचं, बाहेरच्या पट्टीवर खाडीचं पाणी किती चढलं ते बघायचं, आतल्या पट्टीवर आतल्या तळ्याचं पाणी बघायचं, आणि वहीत मांडायचं. अकरा वर्षं माणूस दारात येणारं-जाणारं पाणी लिहीत होता. मला तर आमच्या दारात कोण आलं-गेलं तेसुद्धा धड आठवत नाही.

सत्तावन्न साली खात्यात मुंबईहून एक नवे साहेब आले. तरुण, गोरेगोमटे, अमेरिकेत विजेचं काहीतरी मोठं शिकून आलेले. त्यांचं म्हणणं असं की आपण काहीतरी देतो आणि ती काहीतरी उत्तर देते, अशी कुठलीही वस्तू म्हणजे एक यंत्रणा. मग ती तारेची असो नाहीतर फळीची. आत काय आहे हे बघायची गरजच नाही. काय दिलं आणि काय आलं एवढं मोजा, सहा प्रश्न विचारा, झालं वर्गीकरण. ते सहा प्रश्न त्यांनी टाईप करून सगळ्या ओव्हरसियरांना वाटले. बाकीच्यांनी त्या कागदात भजी बांधली असणार. आमच्या यांनी तो पाठ केला.

आणि मग काय विचारता! घरात सगळ्यांची परीक्षा सुरू. पहिला प्रश्न, दुप्पट दिलं तर उत्तर दुप्पट येतं का? मी म्हटलं, तुमचंच बघा, एक हाक मारली तर ओ देता, दोन मारल्या तर तीसुद्धा देत नाही. दुसरा, आज जे दिलं तेच पुढच्या आठवड्यात दिलं, तर उत्तर तेच येतं का, की वार पाहून बदलतं? तिसरा, मागचं लक्षात ठेवते का, की आत्ताचं समोरचं बघूनच उत्तर देते? "मागचं सगळं लक्षात ठेवते," हे माझ्याकडे बघत म्हणाले. चौथा, उत्तर प्रश्नाच्या आधी तर येत नाही ना? इथं मला माझ्या सासूबाई आठवल्या. मी तोंड उघडायच्या आत त्या "नाही" म्हणायच्या. पाचवा, मापात दिलं तर मापात राहते का, की भडकतच जाते? आणि सहावा, उत्तर बघून काय दिलं होतं ते ओळखता येतं का? यांच्या तोंडाकडे बघून जेवण आवडलं की नाही हे मला शेवटपर्यंत ओळखता आलं नाही, तेव्हा सहाव्यात हे सपशेल नापास.

हसण्यावारी नेण्यासारखं मात्र नव्हतं. साहेबांनी नियमच केला होता. दुसऱ्या किंवा चौथ्या प्रश्नात नापास झाली ती उघाडी बेभरवशाची, ती दगड-सिमेंटनं बुजवून टाकायची आणि आतलं पाणी दुसरीकडं वळवायचं. चौथ्या प्रश्नाबद्दल साहेब हसून म्हणाले होते म्हणे, "त्यात नापास होणारी वस्तू देवानं अजून केलेली नाही." यांच्याकडं तीन उघाड्या होत्या. पैकी दोन जिथल्या तिथं पास झाल्या. तिसरी, कोळीवाड्याच्या पलीकडची, तिनं यांची झोप उडवली.

त्या उघाडीवर सोनाबाईचं पोट होतं. सोनाबाई कोळीण, पन्नाशीची, आवाज असा की ती नाक्यावर भाव सांगायची आणि आम्हाला इस्राएल आळीत ऐकू यायचा. नवरा उरणच्या बाजूला समुद्रात गेला तो परत आला नाही, होडीही त्याच्याबरोबर गेली. पोरीला वाढवली, उजवली, सगळं पायांवर उभं राहून खाडीच्या कडेला मासळी धरून. माझ्याकडं ती दर रविवारी यायची. आम्हाला खवले आणि पर असलेलीच मासळी चालते, कोळंबी, खेकडे काही नाही. हे तिला पक्कं ठाऊक. दारातूनच ओरडायची, "फ्लोराबाय, तुमच्या धर्माची मासली आनली गो!" आणि टोपलीत जिताडा. खाऱ्या-गोड्या पाण्यातला, पांढराशुभ्र, हाताच्या कोपरापर्यंत लांब. नारळाच्या दुधात केला की घरभर वास. हे रविवारी दोन वाजता कामावरून यायचे, जेवायचे, आणि काट्यांची एका रेषेत रांग लावून ठेवायचे. बोलायचे काही नाहीत, पण दोनदा भात घ्यायचे. यांच्याकडून एवढं म्हणजे टाळ्या वाजवल्यासारखं.

सत्तावन्नच्या दिवाळीत मी सहज विचारलं, "सोनाबाई, इतका ताजा जिताडा नेमका रविवारीच कसा गं?"

ती उंबऱ्यावर बसली, पदरानं मान पुसली आणि हसली. "तुजा नवरा शनवारी देवाचं करतो, आमी पोटाचं करतो."

मग सगळं सांगितलं. हे सहा दिवस उघाडीवर पट्ट्या वाचत उभे असतात, तेव्हा दाराला हात लावायची सोय नाही. शनिवारी सिनेगॉगमध्ये प्रार्थनेला. मग शनिवारी भरतीला सोनाबाई ते दार दोरीनं वर बांधून ठेवायची. पाण्याबरोबर मासळी आतल्या तळ्यात. ओहोटी लागली की उघाडीच्या तोंडाला जाळं, आणि परत जाणारी मासळी त्यात. संध्याकाळी दार सोडायचं, की दार पुन्हा सरकारी. भात कापून झाल्यापासून पाऊस येईपर्यंत शेतं रिकामीच असतात, तेव्हा कोणाचं नुकसान नाही. मलाही त्यात काही पाप दिसलं नाही. खरं सांगू? मला जिताडा दिसत होता.

इकडं हे वही घेऊन डोकं फोडत होते. शनिवारच्या रकान्यात आडवी रेघ, आणि रविवारी सकाळी आतलं पाणी वीतभर वर! सोमवार ते शुक्रवार दार शहाण्यासारखं वागतं, रविवारी बिघडलेलं. फळ्या तपासल्या, बिजागऱ्या तपासल्या, खेकड्यांची बिळं बुजवली. फरक नाही. "फ्लोरा, या उघाडीला वार कळतो," हे भात कालवताना म्हणाले. मी म्हटलं, "अजून थोडा रस्सा वाढू?"

जानेवारीत तर कहर झाला. यांनी सगळे शुक्रवार वेगळे काढले. उघाडीच्या आतल्या बाजूला खाचेत फळ्या लावून तळ्यात थोडं पाणी अडवून ठेवलेलं असतं. यांना दिसलं की काही शुक्रवारी दुपारी ते पाणी उतरलेलं असतं आणि काही शुक्रवारी नसतं. आणि उतरलेलं असतं ते कधी? दुसऱ्या दिवशी अमावास्या-पौर्णिमेचं मोठं उधाण असेल तेव्हाच. मधल्या अष्टमीच्या सुमाराची, भांगाची बारकी भरती असली तर तळं भरलेलंच. म्हणजे उद्याची भरती मोठी येणार की लहान, हे तळ्याला आजच माहीत! उत्तर आधी, प्रश्न मागून. चौथ्यात नापास. देवानं जी वस्तू अजून केली नव्हती, ती आमच्या यांना पनवेलच्या कोळीवाड्यापलीकडं सापडली होती.

"अहवाल होळीनंतर द्यायचाय," हे म्हणाले. "दुसऱ्यात नापास, चौथ्यात नापास. उघाडी बुजवावी लागणार."

माझ्या हातातला डाव तिथंच थांबला. तोवर ही सगळी गंमत होती. आता नाही. मी खरं सांगावं तर हे सोनाबाईचं नाव कागदावर लिहिणार, सरकारी दाराला हात लावल्याबद्दल तिला पोलीस नेणार. आणि या माणसाला "लिहू नका" म्हणून सांगणं म्हणजे भिंतीला सांगणं. एकदा दहा मिनिटं उशिरा पोचले म्हणून स्वतःविरुद्ध चिठ्ठी लिहून ऑफिसात दिली होती यांनी! गप्प बसावं तर उघाडीच जाणार, आणि सोनाबाई खाडीकाठी नुसती बघत उभी राहणार. काही केलं तरी मेली तीच.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी तडक कोळीवाड्यात गेले. मी म्युनिसिपालिटीच्या शाळेत मास्तरीण, मला वाटलं, हे गणित मी चुटकीसरशी सोडवते. सोनाबाईला म्हटलं, "होळीपर्यंत दाराला हात लावू नकोस. आकडे सरळ येतील, उघाडी पास होईल, मग तुझं तू बघ."

ती म्हणाली, "होलीपातूर खाऊ काय?" पण थांबली.

आणि मी काय घोटाळा करून ठेवला म्हणता! दोन रविवार आकडे अगदी सरळ आले, आणि यांचा चेहरा आणखी उतरला. "आता तर वाराप्रमाणेही वागत नाही," म्हणाले. "तीन महिने एक रीत, आता दुसरीच. हिचा नियमच बदलला. अशा दारावर कोणी भरवसा ठेवायचा?" मी कपाळावर हात मारून घेतला. बरं करायला गेले आणि उघाडीला आणखी एक शिंतोडा लावून बसले.

दुसऱ्या रविवारी जेवताना हे ताटाकडं बघत बसले.

"बटाटा," म्हणाले.

"हो, बटाटा."

"गेल्या रविवारीपण बटाटा."

"मग? नेहमी काय मेजवानी करायची?"

"त्याच्याआधी जिताडा होता." हे उठले, उष्ट्या हातानं नाही, नीट हात धुऊन, आणि वही घेऊन आले. "दिवाळीपासून कुठकुठल्या रविवारी मासळी नव्हती, सांग."

मला खोटं बोलता येतं, चांगलं येतं, पण या माणसासमोर कधी जमलं नाही. म्हटलं, डिसेंबरात एकदा, सोनाबाईला ताप आला होता तेव्हा. यांनी बोट फिरवत तो रविवार काढला. त्या दिवशीचा आकडा सरळ होता. पान आमच्या दोघांच्या मध्ये तसंच उघडं राहिलं. तीन महिने जे कोडं हा माणूस बांधावर शोधत होता, ते दर रविवारी दोन वाजता त्याच्या ताटात वाढलं जात होतं, आणि हा दोनदा भात घेऊन ते खात होता.

"तुला माहीत होतं," हे म्हणाले.

"हो."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून."

ओरडले असते तर बरं झालं असतं. मी भांडायच्या तयारीतच होते. पण यांनी ताट हळूच पुढं सारलं आणि उठले. त्या रात्री आणि पुढचे दोन दिवस आमच्या घरात कामापुरतं बोलणं झालं. मला स्वतःची फार लाज वाटली. सबंध कोळीवाडा मनात यांना हसत असणार आणि मी त्यांच्या बाजूला उभी होते, हेच खरं.

तिसऱ्या दिवशी म्हणाले, "तिला सांग, येत्या शनिवारी नेहमीसारखं उघड म्हणावं."

"पकडणार आहात?"

"बघणार आहे. न बघता लिहिणार नाही."

सोनाबाईला हे सांगितलं तर म्हणाली, "तुजा नवरा खोटा बोलत नाय, याचीच मना भीती वाटते." मी म्हटलं, "मलापण."

तो शनिवार अमावास्येचा. सिनेगॉगमधून आम्ही परस्पर खाडीकडं निघालो, चालत. शब्बाथला गावाबाहेर किती पावलं चालायची याचीही आमच्यात मर्यादा आहे. यांनी ती आयुष्यात कधी ओलांडली नव्हती. त्या दिवशी गावाचं शेवटचं घर मागं पडलं, मग ताडाची झाडं मागं पडली, आणि हे चालतच राहिले. मीही पावलं मोजली नाहीत.

ओहोटी नुकतीच लागली होती. सोनाबाई कमरेइतक्या पाण्यात, उघाडीच्या तोंडाशी जाळं धरून. दार दोरीनं वर बांधलेलं. दार सरकारी, दोरी सोनाबाईची. आम्हाला पाहून ती हलली नाही.

"लिवा सायेब," ती म्हणाली. आवाज नाक्यावरचा नव्हता, वेगळाच होता. "काय लिवायचं ता लिवा."

हे बांधावर खाली बसले. शनिवारचे धुतलेले पांढरे कपडे, तसेच मातीत. "आज शनिवार आहे," म्हणाले. "मला लिहिता येत नाही. विचारता येतं."

आणि विचारायला लागले की! ओहोटी संपेपर्यंत हा माणूस त्या बाईला सहा प्रश्न विचारत होता, आणि ती जाळं सांभाळत उत्तरं देत होती. दोन बायका लावल्या तर मासळी दुप्पट येईल का? "भांडनं दुप्पट येतील, मासली तवरीच." पाणी बघून किती मासळी आत आली होती ते ओळखता येतं का? "जालं वर काढल्याबिगर बापाला पन कलायचं नाय." शेवटी हे चौथ्या प्रश्नावर आले. उद्या मोठी भरती येणार हे शुक्रवारीच तळ्याला कसं कळतं?

"तल्याला काय कलतं, दगड? मना कलतं." सोनाबाईला प्रश्नच कळेना. "उद्या आवस हाय ना? आवसेला उधान येतं. मंग आदल्या दिशी फाटंच, तुमी यायच्या आदी, फल्या काडून तलं रितं करायचं न फल्या परत लावायच्या, का जास्ती पानी आत येल, जास्ती मासली येल. यात इचारायचं काय हाय?"

हे हसले. मोठ्यानं हसले, बांधावर हात आपटून. लग्नानंतर मी तिसऱ्यांदा यांना तसं हसताना बघत होते. "फ्लोरा, उघाडीला पुढचं काही कळत नाही गं! सोनाबाईला मागचं आठवतं. एवढंच!" सोनाबाई माझ्याकडं बघून डोळ्यांनीच विचारायला लागली की याला काय झालं.

मग तिनं पाय आपटून दाखवला. "हितं पायाला गाल लागतो का बगा, चिखल? नाय लागत. दर हप्त्याला पानी जोरात जातं न येतं, गाल धुऊन जातो. तुमच्या त्या दोन उघाड्या बगा जाऊन. कोन हात लावत नाय त्यांना. गालानं बसल्यात."

यांचं हसू थांबलं. कारण त्या दोन पास झालेल्या होत्या. गाळात रुतून घट्ट बसलेलं दार रोज तेच उत्तर देतं, वार बघत नाही, पुढचं जाणत नाही, कधी भडकत नाही. जे काहीच करत नाही ते परीक्षेत नापास होणार कसं? मी नवऱ्याला म्हटलं, "तुमच्या खात्यात हे वेगळं सांगायला नको."

रविवारी यांनी अहवाल लिहिला. पूर्ण झाल्यावर मला वाचून दाखवला, आणि मी डोक्याला हात लावून खाली बसले. लिहिलं होतं, उघाडी निर्दोष आहे, मोजणाऱ्यानं चूक केली. त्यानं दार मोजलं आणि दाराशी उभं असलेलं माणूस मोजायचं विसरला. सोनाबाईचं नाव होतं, ती काय करते ते होतं, आणि ती करते म्हणूनच ही उघाडी चालते, बाकीच्या दोन बसल्यात, हेही होतं. कोरड्या महिन्यांत तिला उघाडी उघडायची रीतसर परवानगी द्यावी, अशी शिफारस होती. आणि सगळ्यांत शेवटी, "सदर मासळीपैकी काही मासळी दर रविवारी निरीक्षकाच्या घरी शिजवली व निरीक्षकाने खाल्ली. दाम दिले होते. तरीही नोंद करणे आवश्यक."

"माझं स्वयंपाकघर सरकारी कागदात!" मी किंचाळले. "अहो, एवढं कशाला लिहायचं? कोण विचारतंय?"

"खाल्ली ना?" हे म्हणाले.

मुंबईहून दीड महिन्यानं उत्तर आलं. दोन उघाड्यांचा गाळ काढण्याचा हुकूम निघाला. तिसरी उघाडी ठेवायची ठरली. सोनाबाईला आठवड्यातून एक दिवस परवानगी, दिवस तिनं सांगावा. आणि निरीक्षक अब्राहम दिघोडकर यांना लाच म्हणता येणार नाही अशा परंतु अनुचित मासळीसेवनाबद्दल ठपका, बढती रोखण्यात येत आहे. बढतीची त्या साली यांची पाळी होती. पुढं ती कधी आलीच नाही. हे शेवटपर्यंत ओव्हरसियरच राहिले आणि त्याबद्दल घरात चकार शब्द काढला नाही. मी मात्र पुष्कळ काढले.

परवानगीचा कागद घेऊन हे स्वतः कोळीवाड्यात गेले. म्हणाले, आता चोरून करायचं कारण नाही, कुठला वार पाहिजे तो सांग. सोनाबाई म्हणाली, "शनवार." यांनी विचारलं, का? सोमवार घे, बुधवार घे, बाजार बघून घे. तर म्हणाली, "शनवारी तुमी बसाया याल ना?"

आणि खरंच, त्यानंतर कोरड्या महिन्यांतल्या शनिवारी सिनेगॉगमधून हे बांधावर जाऊन बसायला लागले. दर वेळी मर्यादा ओलांडून. आमच्या वडीलधाऱ्यांनी नाकं मुरडली, यांनी "ओलांडतो," म्हणून कबूल करून टाकलं, मग त्यांना पुढं बोलायला काही उरलं नाही. तिथं दोघं फारसं बोलायचे नाहीत. ही पाण्यात, हे मातीत. वही घरी. मला विचाराल तर या माणसाच्या जन्मातले तेवढेच तास असे गेले, ज्यांचा हिशोब त्यानं कुठं मांडून ठेवला नाही.

बासष्ट साली हे निवृत्त झाले, चौसष्टच्या पावसाळ्यात गेले. आमची सॅली इस्रायलला आहे, "आई, तूही ये," म्हणून लिहीत असते. बघू.

यांच्या जागेवर आता नवा ओव्हरसियर आलाय. बिचारा चांगला आहे. तो शनिवारी कामावर असतो आणि रविवारी सुट्टी घेतो, जगासारखा. गेल्या महिन्यात माझ्याकडं आला होता. म्हणाला, "वहिनी, त्या कोळणीला तुम्ही सांगा जरा. आठवड्यातून एकदा उघडायची परवानगी आहे, तर रविवारी उघड म्हणावं. शनिवारचे माझे आकडे सगळे बिघडतात. मी कितीदा सांगितलं, ऐकतच नाही. कारण विचारलं तर तेही सांगत नाही."

मी सोनाबाईला रविवारी उंबऱ्यावर बसवलं आणि विचारलं. म्हातारी झालीय आता, आवाज नाक्यापलीकडं जात नाही. तिनं टोपलीवरचं फडकं बाजूला केलं, जिताडा बाहेर काढला, आणि यात इतकं काय विचारायचं, अशा नजरेनं माझ्याकडं बघितलं.

"शनवारी सायेब लिवत नाय ना गो," ती म्हणाली.

मी मासळी घेतली. आत जाऊन नारळ फोडायला बसले आणि बराच वेळ मला तो फोडताच येईना.